नाकाचा पडदा : काढायचं किती, ठेवायचं किती



काल याच व्यासपीठावर राज्यघटनेवर व्याख्यान झालं, उद्या संतसाहित्यावर आहे. मधल्या दिवशी नाकाचा पडदा! पत्रिका हातात पडल्यावर एका स्नेह्यांनी फोनच केला, 'अहो, एवढ्याशा पडद्यावर तासभर बोलणार काय?' मी म्हटलं, या पडद्यावर शल्यविशारद दीडशे वर्षं वाद घालताहेत, मला तासभर तरी मिळू द्या.

आणखी एक अपेक्षा मला समोरच्या चेहऱ्यांवर दिसते आहे. नाकाची शस्त्रक्रिया म्हटली की सुश्रुत आलाच पाहिजे, आणि सुश्रुताच्या पाठोपाठ कावसजी. टिपूशी चाललेल्या लढाईत इंग्रजांच्या बाजूच्या या गाडीवानाचं नाक कापलं गेलं, आणि पुण्याजवळच्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, पण ती बाहेरून दिसणाऱ्या नाकाची. आज आपल्याला आत शिरायचं आहे.

दोन नाकपुड्यांच्या मधली ही भिंत. पुढचा भाग कूर्चेचा. मागे वरच्या बाजूला एक पातळ हाड, खालच्या बाजूला दुसरं, आणि हे सगळं वरच्या जबड्याच्या मधल्या खाचेत बसवलेलं. दोन्ही बाजूंनी नाजूक, रक्ताने भरलेलं अस्तर. लहानपणी पालथं पडण्यात, कधी जन्माच्या वेळच्या दाबात, कधी नुसत्या वाढीच्या वयात ही भिंत एका बाजूला झुकते. अगदी ओळंब्यात असलेला पडदा क्वचितच सापडतो. तुमचा माझाही थोडाफार वाकडा असणारच. तेव्हा वाकडा असणं हा काही आजार नव्हे.

मग आजार कधी? माझ्याकडे तिघं जण येतात आणि तिघंही एकच वाक्य बोलतात : 'डॉक्टर, नाकाचं हाड वाढलंय.' पहिल्याचा पडदा खरोखर वाकडा असतो. दुसऱ्याचा पडदा ठीक असतो, पण अॅलर्जीने नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे टर्बिनेट नावाचे उंचवटे सुजलेले असतात. तिसऱ्याला पॉलिप असतो, म्हणजे अस्तराचाच मऊ गोळा लोंबत असतो. हाड तिघांपैकी कुणाचंच वाढलेलं नसतं. आणि तिघांचे उपचार तीन.

यात आणखी एक चौथा असतो. तो म्हणतो, 'सकाळी उजवी बाजू बंद, संध्याकाळी डावी.' मी त्याला विचारतो, बाबा रे, पडदा काय सकाळी उजवीकडे आणि संध्याकाळी डावीकडे वाकतो? दोन्ही बाजूंचे टर्बिनेट आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात, हा नाकाचा नेहमीचा क्रम आहे. जर्मनीत कायझर नावाच्या डॉक्टरांनी १८९५ सालीच तो नोंदवला. अॅलर्जी असली की तो जास्त जाणवतो, एवढंच. अशा माणसाचा पडदा कापून सरळ केला तरी तो सहा महिन्यांनी परत येतो, आणि तीच तक्रार घेऊन येतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. पडदा किती वाकडा आहे याला जेवढं महत्त्व आहे, त्याहून तो कुठे वाकडा आहे याला जास्त आहे. नाकपुडीतून बोटाच्या पेराएवढं आत गेलं की नाकातली सर्वांत अरुंद जागा लागते. तिला आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. श्वासाच्या सगळ्या वाटेत हवेला जो अडथळा होतो, त्यातला मोठा वाटा या एका चिंचोळ्या जागेचा. नळी जरा अरुंद झाली की प्रवाह किती पटींनी घटतो हे भौतिकशास्त्रवाल्यांना ठाऊक आहे. त्यामुळे इथे पडदा दोन मिलिमीटर सरकला तरी माणूस हैराण होतो, आणि मागे, घशाच्या बाजूला, चांगला मोठा सुळका आला तरी कित्येकांना पत्ताही नसतो. सी.टी. स्कॅनमध्ये मागचा सुळका झकास दिसतो. पुढचा बाक मात्र नाक टॉर्चने नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. फोटो पाहून ऑपरेशन ठरवू नये असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, ते एवढ्यासाठी.

असो. आता या शस्त्रक्रियेची सुरुवात पाहू.

१७५७ साली क्वेलमाल्ट्झ नावाच्या जर्मन वैद्याने वाकड्या पडद्यावर लिहिलं, आणि उपाय सांगितला तो असा की बोटाने रोज दाबत राहा. हसू नका, निदान त्याने कुणाचं नुकसान केलं नाही! पुढच्या शतकातल्या लोकांबद्दल तसं म्हणता येत नाही. लंडनचे अॅडम्स १८७५च्या सुमारास पडदा चिमट्यात धरून मोडत आणि आत पट्ट्या बसवून सरळ धरून ठेवत. कूर्चेचा स्वभाव असा की ती मोडून निमूटपणे सरळ राहत नाही, पट्टी काढली की पुन्हा आपल्या वळणावर जाते. अमेरिकेतल्या बॉसवर्थनी करवत घेतली. जेवढा भाग पुढे आलाय तेवढा अस्तरासकट कापून टाका. वाट मोकळी होई, पण अस्तर गेलेल्या जागेवर खपल्या धरत, रक्त येई, आणि पडद्याला आरपार भोक पडे. आणि हे सगळं भूल न देता, किंवा जेमतेम भूल देऊन. त्या काळच्या रुग्णांच्या सोशिकपणाला मी हात जोडतो.

दोन औषधांनी ही कहाणी बदलली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. मग नाकवाल्यांनी तेच नाकात घेतलं. आणि १९०१च्या सुमारास ताकामिने यांनी अॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. एकाने वेदना थांबली, दुसऱ्याने रक्त. नाकात रक्त थांबणं म्हणजे काय, हे ज्याने अरुंद नाकपुडीत चमकत्या आरशाच्या उजेडात काम केलंय त्यालाच विचारा. शल्यविशारदाला पहिल्यांदाच आपण कुठल्या थरात आहोत हे दिसू लागलं.

आणि लगेच, १९०२ साली शिकागोत ऑटो फ्रीअर आणि १९०४ साली फ्रायबुर्गमध्ये गुस्टाव्ह किलियन यांनी जी शस्त्रक्रिया मांडली ती पुढे अर्धशतक जगभर चालली. तिचं नाव सबम्यूकस रिसेक्शन. आपल्याकडच्या जुन्या रुग्णांना हीच 'एस.एम.आर.' म्हणून माहीत आहे. 'माझं एस.एम.आर. झालंय' असं सांगणारे आजोबा अजून भेटतात. कल्पना अशी, की उशीचा अभ्रा शाबूत ठेवायचा आणि आतला कापूस काढून घ्यायचा. दोन्ही बाजूंचं अस्तर वाचवायचं आणि मधली वाकडी कूर्चा व हाड काढून टाकायचं.

हे मी तुम्हाला थोडं जवळून दाखवतो. झायलोकेन आणि अॅड्रेनलिनची सुई अस्तराखाली दिली की ते पांढरं पडतं आणि फुगून वर येतं. सुईनेच अर्धं काम केलेलं असतं. मग नाकपुडीच्या आत, पडद्याच्या पुढच्या कडेच्या जरा मागे छेद. आता खरी परीक्षा. अस्तर, त्याखाली कूर्चेचं स्वतःचं पातळ आवरण, आणि त्याखाली कूर्चा. आवरणाच्या वर शिरलात तर हत्यार अडखळतं, रक्त येत राहतं, अस्तर फाटतं. आवरणाच्या खाली शिरलात की समोर निळसर पांढरा, चकचकीत पृष्ठभाग येतो आणि फ्रीअरचं ते बोथट चपटं हत्यार आपोआप पुढे सरकतं. शिकणाऱ्या मुलाचा हात इथेच घाबरतो. तो वरवर राहतो, आणि मग म्हणतो, 'सर, फ्लॅप उठत नाहीये', म्हणजे अस्तर सुटून वर येत नाहीये. फ्लॅप कसा उठेल? आणखी खोल जा म्हणून त्याचा हात धरून न्यावा लागतो. एकदा तो निळसर रंग दिसला की त्याचा चेहरा खुलतो, आणि त्यानंतर तो थर त्याचा चुकत नाही.

एका बाजूचं अस्तर फाटलं तर काळजी नाही, भरून येतं. दोन्ही बाजूंना समोरासमोर फाटलं आणि मधली कूर्चा काढलेली असली, तर कायमचं भोक. लहान भोक असेल तर माणूस श्वास घेताना शीळ वाजते. मोठं असेल तर शीळ वाजत नाही, पण खपल्या आणि रक्त आयुष्यभर. वाकाच्या टोकावर, जिथे अस्तर सर्वांत ताणलेलं आणि पातळ असतं, तिथेच ते फाटतं.

किलियन यांची सावधगिरी बघा. त्यांनी सांगितलं की नाकाच्या दांड्याखाली आणि पुढच्या कडेला सुमारे एक सेंटिमीटरची पट्टी सोडा. त्या पट्टीवर नाकाची उंची आणि शेंडा उभा असतो. (हेच किलियन १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून डुकराच्या हाडाचा तुकडा काढून ब्रॉन्कोस्कोपीचे जनक ठरले. माणूस धाडसी होता, पण कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं.) त्यांच्या मागून आलेल्यांना ते नेहमीच कळलं नाही. पट्टी पातळ राहिली की दांडा मध्येच खचतो, नाकाला खोगिरासारखा खड्डा पडतो. शेंडा बसतो. मधे काहीच उरलं नाही तर तो रिकामा अभ्रा श्वासागणिक फडफडतो आणि नाक पुन्हा बंदच वाटतं. वाढीच्या वयातल्या मुलावर केली तर नाकाची वाढच खुंटते, म्हणून सतरा वर्षांखाली एस.एम.आर. करू नये असा दंडक पडला. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की जी एक सेंटिमीटरची पट्टी ठेवायची, तीच वाकडी असली तर? म्हणजे अगदी पुढची कड, व्हॉल्व्हपाशी, जिथे वाकाचा त्रास सर्वांत जास्त. तिथे एस.एम.आर.चं काही चालत नाही.

या एका प्रश्नातून पुढचं सगळं शास्त्र निघालं. ठेवायचं तेच वाकडं असेल तर ते सरळ करून ठेवायचं कसं?

अमेरिकेतल्या मेट्झेनबाउम यांनी १९२९ साली पुढच्या कूर्चेची खालची कड खाचेतून मोकळी केली आणि दारासारखी फिरवून मध्यावर आणली. १९३७ साली पीअर यांनी पुढचा वाकडा तुकडा काढला आणि सरळ करून परत बसवला. आणि मग आले शिकागोचेच मॉरिस कॉटल. १९४०च्या दशकाअखेर त्यांनी जे सुरू केलं त्याला आज आपण सेप्टोप्लास्टी म्हणतो. त्यांचं म्हणणं असं : कूर्चा काढू नका, तिला जखडणारं काय आहे ते शोधा. खाली खाचेत अडकली आहे? तिथे मोकळी करा. मागे हाडाशी रेटली जाते? तो सांधा सोडवा. वाकलेल्या हाडाचा सुळका असेल तर तेवढाच काढा. शक्य तिथे एका बाजूचं अस्तर कूर्चेला चिकटलेलंच ठेवा.

ते का? कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण दोन्ही बाजूंच्या आवरणातूनच होतं. दोन्ही बाजू सुटल्या आणि मधे रक्त साठलं तर काही दिवसांत ती मरते. हे ऑपरेशनपुरतं नाही हं. मूल नाकावर आपटलं आणि त्याच दिवशी दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, तर 'सूज आहे, उतरेल' म्हणून घरी थांबू नका. पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं आणि ते त्याच दिवशी काढावं लागतं. आजच्या व्याख्यानातलं एवढं एक आईवडिलांनी लक्षात ठेवलं तरी मला पुरे.

कॉटल यांनी मोकळी केलेली कूर्चासुद्धा काही वेळा हट्ट सोडत नाही. का सोडत नाही, याचं उत्तर पन्नास-साठच्या दशकांत गिब्सन, डेव्हिस आणि फ्राय यांनी दिलं. कूर्चेच्या दोन्ही पृष्ठभागांत ताण कोंडलेला असतो आणि दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना तोलून धरतात. एका बाजूला उथळ चिरा दिल्या की त्या बाजूचा ताण सुटतो आणि कूर्चा विरुद्ध बाजूला वळते. म्हणून खोलगट बाजूवर चिरा द्या, की ती सरळ होते. कागदावर सोपं वाटतं. हातात घेतल्यावर कमी चिरा दिल्या तर फरक पडत नाही, जास्त दिल्या तर पट्टीच ढिली होते. म्हणून आता आम्ही चिरा कमी देतो आणि टाक्यांनी, किंवा मागून काढलेल्या हाडाच्या सरळ तुकड्याचा आधार देऊन, पुढची कड जबड्याच्या मधल्या टोकाला बांधून टाकतो.

पडदा तुकड्या-तुकड्यांनी मोडलेला असेल, जुन्या अपघाताचा असेल, तर तेही पुरत नाही. अशा वेळी सगळा पडदाच बाहेर काढायचा, टेबलावर ठेवायचा, त्यातून एक सरळ चौकट तयार करायची आणि परत शिवून बसवायची. बावन्न साली किंग आणि अॅश्ले यांनी मांडलेली ही पद्धत पुढे जर्मनीत स्टुटगार्टच्या गुबिश यांनी नावारूपाला आणली. काम जोखमीचं आहे, कारण नाकाच्या दांड्यावर जिथे हाड आणि कूर्चा जुळतात तो सांधा एकदा सुटला की परत तसाच बसवणं कठीण. म्हणून बरेच जण आता दांड्याखालची एक पट्टी जागेवरच ठेवून बाकीचा भाग काढतात. हे ज्याने त्याने करायचं काम नव्हे, एवढं सांगून मी पुढे जातो.

इथवर काय झालं ते एकदा पाहू. मोडून पाहिलं, कापून पाहिलं, आतून पोखरून पाहिलं. मग पट्टी ठेवली, मग ठेवलेली पट्टी सरळ करायला शिकलो, मग सगळं बाहेर काढून परत बसवायला शिकलो. प्रत्येक पिढीने काढायचा भाग कमी केला आणि ठेवायचा वाढवला.

आणि दुर्बीण? तुम्ही वाट बघत असाल. आजकाल रुग्ण पहिला प्रश्न हाच विचारतात : 'दुर्बिणीने करता ना?' त्यातले काही जण तर 'लेझरने करता का?' असंही विचारतात. लेझरचं आधी सांगतो : वाकडी कूर्चा आणि हाड लेझरने सरळ होत नाही. कुणी तसं जाहिरातीत म्हणत असेल तर त्यांना विचारा की नेमकं काय करता.

दुर्बिणीची गोष्ट वेगळी. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांमुळे चार मिलिमीटरच्या नळीतून स्वच्छ चित्र दिसू लागलं, आणि ऑस्ट्रियातल्या ग्राट्झमध्ये सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी ती वापरात आली. १९९१ साली अमेरिकेत लान्झा आणि ग्राट्झमध्ये श्टामबर्गर यांनी स्वतंत्रपणे पडद्यासाठी तिचा उपयोग दाखवला. मागे एकच सुळका असेल तर पुढून सगळं सोलत जायची गरज नाही. थेट सुळक्यावर छेद द्या, अस्तर बाजूला करा, तेवढाच भाग काढा. पूर्वी ऑपरेशन झालेल्या नाकात, जिथे थर एकमेकांना चिकटलेले असतात, तिथे दुर्बीण वरदान आहे. मॉनिटरवर सगळं दिसत असल्यामुळे विद्यार्थ्यांनाही शिकता येतं. माझ्या काळी गुरूच्या खांद्यावरून डोकावून काहीच दिसायचं नाही, कपाळावरचा दिवा आणि नाकपुडी यांच्या मधे आमचं डोकं आलं की ओरडा बसायचा.

पण वाक अगदी पुढच्या कडेला असेल तर? तो नाकपुडीच्या तोंडाशीच असतो, उघड्या डोळ्यांना दिसतो. तिथे एक हात दुर्बीण धरण्यात अडकवण्यापेक्षा दोन्ही हात मोकळे असलेले बरे. म्हणून 'दुर्बिणीने की साध्या पद्धतीने' हा मला प्रश्नच वाटत नाही. वाक कुठे आहे ते सांगा, मग हत्यार ठरवू. एकाच नाकात पुढचा भाग हेडलाइटखाली आणि मागचा दुर्बिणीने, असंही आम्ही सर्रास करतो. रुग्णालयाच्या बिलात मात्र 'दुर्बीण' हा शब्द वजनदार असतो, हे खरं.

आता बोळ्यांबद्दल. ऑपरेशनपेक्षा लोकांना बोळे काढण्याचीच भीती जास्त असते आणि ती खोटी नाही. व्हॅसलीन लावलेली लांबच लांब गॉझपट्टी दोन्ही नाकपुड्यांत दाबून भरायची, माणसाने दोन दिवस तोंडाने श्वास घ्यायचा, आणि मग ती ओढून काढायची. फ्रॉइड यांच्या मित्राने, फ्लीस यांनी, एका बाईच्या नाकावर शस्त्रक्रिया केली आणि जवळजवळ अर्धा मीटर गॉझ आतच राहिली, ही १८९५ची गोष्ट. ती दुसऱ्या डॉक्टरांनी काढताना बाईच्या जिवावर बेतलं होतं. आज आत घातलेल्या प्रत्येक बोळ्याची नोंद होते. पण त्याहून चांगलं म्हणजे बोळे न घालणं. दोन्ही अस्तरं एकमेकांना विरघळणाऱ्या टाक्यांनी गोधडीसारखी टिपून घेतली की मधे रक्त साठायला जागा राहत नाही. अनेक ठिकाणी आता हेच करतात. सरसकट बोळे घातल्याने फार काही साधत नाही, असंच तुलनांतून दिसलं आहे.

शेवटचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. एवढं सगळं करून फायदा होतो का? ऑपरेशन न करता फवारे मारत राहिलो तर? आश्चर्य वाटेल, पण शंभरहून अधिक वर्षं ही शस्त्रक्रिया होत असूनही या प्रश्नाचं कसोशीने उत्तर शोधलं गेलं ते अगदी अलीकडे. २०१९ साली नेदरलँड्समधल्या १८ रुग्णालयांत २०३ जणांचा अभ्यास छापून आला. मग ब्रिटनमध्ये १७ केंद्रांवर ३७८ प्रौढांचा, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची सेप्टोप्लास्टी, दुसऱ्याला सहा महिने मिठाच्या पाण्याचा आणि स्टिरॉइडचा फवारा. सहा महिन्यांनी नाकाच्या त्रासाचे गुण मोजले, कमी गुण म्हणजे कमी त्रास. ऑपरेशन झालेल्यांचे गुण सरासरी विसाच्या आसपास, फवारेवाल्यांचे चाळिसाच्या आसपास. फरक ठळक आहे. पण हे सगळे रुग्ण निवडलेले होते, त्यांचा त्रास बराच होता आणि पडदा वाकडा असल्याचं तपासून निश्चित केलेलं होतं. सी.टी.मध्ये पडदा वाकडा निघाला म्हणून ऑपरेशन करून घेणाऱ्याला हे आकडे लागू होत नाहीत.

वेळ संपत आली आहे आणि चिठ्ठ्या आल्या आहेत. एकच वाचतो : 'पडदा सरळ केल्यावर माझ्या यजमानांचं घोरणं थांबेल का?' ताई, बहुधा नाही. घोरण्याचा आवाज मुख्यतः घशाच्या वरच्या मऊ भागातून येतो. आणि झोपेत त्यांचा श्वास अडकत असेल तर नुसत्या पडद्याने तो सुटणार नाही, आधी झोपेची तपासणी करून घ्या. मात्र ते रात्री श्वासाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लावत असतील आणि नाक बंद असल्याने मास्क सहन होत नसेल, तर पडदा सरळ केल्याने तो सहन होऊ लागतो. तेवढ्यासाठी ऑपरेशन करणं योग्य आहे, आणि ते कुठल्या पद्धतीने करायचं ते नाक पाहिल्यावर सांगता येईल.